फ्लटर घेऊ का रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?

हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोनची अ‍ॅप्स बनवायची ही दोन तयार साधनं, म्हणजे फ्रेमवर्क. नागपुरात नवी पोरं भेटली की पहिला प्रश्न हाच असतो: "भाऊ, अ‍ॅप बनवायचं आहे, फ्लटर घेऊ का रिअ‍ॅक्ट नेटिव्ह?" मी उलट विचारतो, वापरणार कोण, आणि कुठं बसून? इथं बहुतेक जण गप्प होतात.

इथल्या कळमना बाजारातला एखादा अडत्या घ्या. संत्र्याचा हंगाम, बाहेर गाड्यांची रांग, गादीवर ४ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर. वजनकाट्याची वायर मागच्या सिरियल पोर्टला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीला. पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशेब, निघते डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, कारण कार्बन लावून एकाच फटक्यात शेतकऱ्याची आणि दुकानाची प्रत हवी असते. तिथं इलेक्ट्रॉन, म्हणजे वेबपेजच्या तंत्रानं कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवायचं फ्रेमवर्क, नेऊ नका. दिसायला देखणं, पण प्रत्येक प्रोग्रॅम आपला क्रोमियम, म्हणजे अख्खा ब्राउझरच, सोबत घेऊन फिरतो. रिकामी खिडकी उघडायलाही शंभर एमबीच्या वर जागा खातो. टाउरी हे तशाच कामाचं दुसरं फ्रेमवर्क विंडोजमधलाच वेबव्ह्यू (वेबपेज दाखवणारा भाग) वापरतं म्हणून हलकं पडतं, पण त्यासाठी थोडी तरी रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा यावी लागते.

मी अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्टची सी-शार्प भाषा आणि विंडोजच्या खिडक्या-बटणं बनवायचं विनफॉर्म्स घेतो. विनफॉर्म्स २००२ सालचं आहे, पोरं हसतात. हसू द्या. मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेट ८ प्लॅटफॉर्मवरही ते चालतं आणि सिरियल पोर्ट वाचायचा क्लास (तयार कोड) आयता मिळतो. खरी मेहनत पुढं आहे. बरेच काटे वजन सारखं पाठवत राहतात. क्रेट ठेवताना आकडा हलत असतो. ओळीनं चार-पाच वेळा तोच आकडा आला तरच तो पक्का धरायचा, नाहीतर पट्टीवर भलतंच वजन चढतं आणि भांडण तुमच्या नावावर. हे काम कुठलंच फ्रेमवर्क तुमच्यासाठी करत नाही.

आता काटोलच्या शेतकऱ्याला तीच पट्टी मोबाइलवर पाहायची असेल, तर मात्र फ्लटर. बटणं-अक्षरं ते स्वतःच रंगवतं, त्यामुळे स्वस्तातल्या वेगवेगळ्या अँड्रॉइडवर स्क्रीन सारखीच दिसते. रेंज गेली तर? मोबाइलमध्येच राहणाऱ्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये मागच्या पट्ट्या ठेवा. जावास्क्रिप्ट आणि रिअ‍ॅक्ट आधीच हातात बसलं असेल, तर रिअ‍ॅक्ट नेटिव्हनं जा. एका अ‍ॅपसाठी फ्लटरची डार्ट भाषा शिकत बसू नका.

मागं कोण उभं आहे, तेही बघा. झामरिन या मोबाइल अ‍ॅपच्या फ्रेमवर्कचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १ मे २०२४ ला बंद केला. ज्यांची अ‍ॅप्स त्यात होती, त्यांना मायक्रोसॉफ्टच्याच नव्या माउईकडे नाहीतर दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. फ्लटर गूगलचं, आणि गूगलही चालू गोष्टी बंद करायला मागंपुढं पाहत नाही, पण फ्लटर निदान ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

राहिला आयफोन. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर भरले की झालं. अ‍ॅपलला दरवर्षी ९९ डॉलर, वर अ‍ॅप बिल्ड (तयार) करायला मॅक कॉम्प्युटर हवा. अडत्याच्या मुलानं हौसेनं आयफोनचं अ‍ॅप मागितलं, तर हे पैसे त्याच्या खात्यातून जातील, एवढं कोटेशनमध्येच लिहून टाका.