हेवर्ड फॉल्ट बार्टने: तो फेमस कर्ब बघायला जाऊ नका

हेवर्ड फॉल्ट म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बेच्या पूर्वेला जमिनीत असलेली, भूकंप घडवणारी भेग, आणि बार्ट म्हणजे तिथली लोकल ट्रेन. सगळ्यात आधी हे वाचा. हेवर्डमध्ये रोझ स्ट्रीट आणि प्रॉस्पेक्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा, फॉल्टमुळे सरकलेला कर्ब (फुटपाथची काँक्रीटची कड) आता तिथे नाहीये. नेटवर अजून त्याचेच फोटो फिरतात, त्या भरवशावर आम्ही भर उन्हात मिशन बुलेवार्ड या मोठ्या रस्त्याच्या ट्रॅफिकशेजारून तंगडतोड केली, वर चढ, आणि समोर काय तर व्हीलचेअरचा गुळगुळीत रॅम्प! जिऑलॉजिस्ट लोक वर्षानुवर्षं ज्याचे फोटो काढत होते तो कर्ब 2016 मध्येच तोडलाय. फॉल्ट भूकंप नसतानाही वर्षाला साधारण 5 मिमी सरकतोच, त्यामुळे नवीन काँक्रीटही कधीतरी वाकेल, पण तेवढं थांबायला माझा व्हिसा पुरणार नाही.

हेवर्डला उतरलातच तर स्टेशनवरून सरळ जुन्या सिटी हॉलला जा, मिशन आणि डी स्ट्रीटजवळ, चालत पंधरा मिनिटं. फॉल्ट बिल्डिंगच्या खालून जातो, भिंतींना तडे गेले म्हणून रिकामी केलीये, आत सोडत नाहीत. पण खरी मजा शेजारच्या डांबरात आहे. आधी वाटतं रस्ता खराब आहे, मग लक्षात येतं की सगळे तडे तिरके आहेत, एकामागे एक, एकाच रांगेत, आणि रांग थेट बिल्डिंगकडे चाललीये. मी तर गुडघ्यावर बसून बघत होतो, लोक वळून बघायला लागले. एकच ठिकाण करायचं तर हे करा.

फ्रीमाँटला स्टेशनला लागूनच जमीन खचून झालेलं तळं आहे, टुली पाँड. तिथे चर खणून साधारण 1900 वर्षांतले 12 मोठे भूकंप शोधलेत, शेवटचा 21 ऑक्टोबर 1868 चा. कुंपणाबाहेरून बघा, दहा मिनिटं बास.

बर्कली युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम 1923 चं, फॉल्ट मैदानाच्या एका गोलपोस्टकडून दुसऱ्याकडे जातो, 2012 च्या डागडुजीत फॉल्टवरचे भाग सुटे हलतील असे बांधलेत. कॅम्पसमधून चढ आहे, दिवसाच्या शेवटी ठेवलात तर जीव जातो, सकाळीच उरका. मॅचच्या दिवशी फिरकूही नका.

रॉकरिज ते ओरिंडा स्टेशनांमधला बार्टचा बोगदाही फॉल्टमधून जातो म्हणतात तसा जातो, पण खिडकीबाहेर नुसता अंधार. उगाच जाऊन परत येऊ नका, ज्या स्टेशनवरून आत गेलात तिथूनच अर्ध्या तासानंतर बाहेर पडलात तर वेगळं एक्स्कर्शन भाडं कापतात.