दोन मार्क आणि 352

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी अकरावीच्या एका मुलीचे प्रॅक्टिकलचे दोन मार्क कापले. तिनं मोजलेल्या ध्वनीच्या वेगाखाली लाल पेनानं लिहिलं, '344 यायला हवं.' तिचं आलं होतं 352. मार्क मी दुसऱ्याच दिवशी परत दिले, पण ती लाल ओळ अजून डोक्यातून जात नाही.

प्रयोग अनुनाद नळीचा. उभी काचेची नळी आणि तिला रबरी नळीनं जोडलेलं पाण्याचं भांडं. भांडं वरखाली केलं की नळीतल्या पाण्यावरचा हवेचा स्तंभ लांब-आखूड होतो. तोंडाशी 512 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 512 कंपनं करणारा नादकाटा वाजवून धरायचा आणि पाणी हळूहळू उतरवायचं. एका जागी नळी एकदम बोलायला लागते, आवाज फुगतो. थोडं पुढे गेलं की बसतो. पहिला फुगवटा तरंगलांबीच्या साधारण पाव भागाला येतो, दुसरा पाऊण भागाला. दोन्ही लांब्यांतला फरक दुप्पट केला की तरंगलांबी, आणि तिला 512 नं गुणलं की हवेतला ध्वनीचा वेग.

सांगायला सोपं आहे, करायला कान लागतो. काटा रबरी पॅडवर आपटायचा, टेबलाच्या कडेवर नाही. दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कडेवर आपटतात. आमच्या दोन काट्यांना त्यानं पोचे पडलेत, आणि पोचा पडलेला काटा त्याच्यावर कोरलेला आकडा पाळेलच असं नाही. नळीला काटा टेकता कामा नये. पाणी उतरवताना एक रीडिंग घ्यायचं, चढवताना दुसरं, मग सरासरी. बहुतेक मुलं उतरतानाचं घेतात आणि चढतानाचं मनानं लिहितात.

ही मुलगी पाऊण तास नळीपाशी उभी होती. लॅबच्या मामांनी दोनदा येऊन सांगितलं, "सर, तिचं अजून चाललंय, पुढची बॅच खोळंबलीय." ती ढोलपथकात वाजवते, पावसाळ्यात नदीपात्रात त्यांचा सराव असतो. ढोल सैल पडलाय की नाही हे कानानं ओळखायची सवय असलेलं ते पोर. तिची रीडिंग 16.2 आणि 50.6 सेंटिमीटर. फरक 34.4. मी ते पाहिलं, शेवटचा आकडा 344 नाही हे पाहिलं, आणि मार्क कापून पुढचं जर्नल ओढलं. त्या दिवशी 24 जर्नलं तपासायची होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. मार्कांबद्दल बोललीच नाही. "सर, कुठे चुकलं ते मला दाखवा ना. मी परत करून पाहते."

दुपारची वेळ होती. आमची लॅब वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला, टाकीचं पाणीही कोमट. मी स्वतः नळी लावली, कान देऊन ऐकलं. 16.2. मग 50.6. पुन्हा केलं. तेच. तेव्हा माझं लक्ष कपाटाशेजारच्या थर्मामीटरकडे गेलं. 35 अंश.

शून्य अंशाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला 331 मीटर, आणि दर अंशाला सुमारे 0.6 ची वाढ. 35 अंशांना 352. नववीच्या पुस्तकातला 344 हा 22 अंशांचा आकडा आहे. हे मीच शिकवतो.

मग मी बाकीची 23 जर्नलं काढून बसलो. सगळ्यांचं उत्तर 343 ते 345. पहिली लांबी बहुतेकांची 16.2, म्हणजे ती खरी मोजलेली. दुसरी 49.8, म्हणजे उत्तरावरून मागे काढलेली. ध्वनी नळीच्या काठाशी थांबत नाही, थोडा बाहेर डोकावतो, आतल्या व्यासाच्या 0.3 पट. आमची नळी 3.3 सेंटिमीटरची, तेव्हा ही दुरुस्ती सुमारे 1 सेंटिमीटर. दुसऱ्या लांबीतून पहिलीची तिप्पट वजा करून निम्मं केलं की तीच रीडिंगमधून निघते. तिच्या रीडिंगमधून 1 निघाली. बाकीच्यांच्यातून 0.6. म्हणजे बनवलेलं रीडिंग पकडायची सोय त्याच दोन आकड्यांत होती आणि इतकी वर्षं मी ती एकदाही वापरली नव्हती.

सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. दोनच आठवड्यांपूर्वी याच वर्गात मी ध्वनीच्या वेगाचं न्यूटनचं सूत्र शिकवलं होतं. त्यानं शून्य अंशाला वेग सुमारे 280 येतो, मोजलेला 331 च्या आसपास. न्यूटननं हवेच्या कणांच्या आकाराचा आणि वाफेचा आधार घेऊन आकडा जुळवायचा प्रयत्न केला. खरं कारण 1816 मध्ये फ्रेंच गणिती लाप्लासनं दिलं: ध्वनी जाताना हवेचं संपीडन-विरलन, म्हणजे दाबलं जाणं आणि विरळ होणं, इतकं झपाट्यानं होतं की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच मिळत नाही. आकडा जुळत नव्हता म्हणून भौतिकशास्त्र पुढे गेलं, असं मी फळ्यासमोर अगदी रंगून सांगितलं होतं.

स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "मार्क दे, पण तिला समजाव. बाहेरचा परीक्षक 344 शोधणार." ते वाईट माणूस नाहीत. आमची पद्धतच अशी की परीक्षक तासाभरात बॅच उरकतो आणि शेवटची ओळ बघतो. जर्नलच्या छापील तक्त्यात तापमानाला रकानाच नाही.

मी तिच्या जर्नलमध्ये पट्टीनं तो रकाना आखून दिला. तिनं 35 लिहिलं आणि विचारलं, "सर, बोर्डाच्या प्रॅक्टिकललाही हे लिहायचं ना?"

लिही म्हणालो. बोर्डाची बारावीची प्रॅक्टिकल जानेवारी-फेब्रुवारीत असते. सकाळच्या बॅचला आमच्या लॅबमध्ये 22-23 अंश असतात. तेव्हा तिचं उत्तर आपसूक 344 च्या जवळ येईल, बाकीच्या 23 जणांचंही तेच, आणि शेवटची ओळ बघणाऱ्याला दोहोंत काहीच फरक दिसणार नाही.