मामाचा टॉकबॅक आणि माझी साडीची वेबसाईट

रविवारी पंचवटीत मामाकडे गेलेलो, मिसळ हाणून झाली आणि सहज म्हटलं, मेनरोडच्या एका साडीवाल्याची साईट केलीय, बघ ना जरा. बघ म्हणजे ऐक. मामाला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर वापरतो (स्क्रीनवर बोटाखाली जे येईल ते बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय), तोही एवढ्या स्पीडने की आपल्याला नुसता चिवचिवाट ऐकू येतो. त्याने बोट फिरवायला सुरुवात केली. लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. इमेज. परत लेबल नसलेलं बटण. मग शांतपणे म्हणला, "अरे, यात साडी कुठंय?"

चाळीस साड्या होत्या हो. एकाही फोटोला आल्ट टेक्स्ट नाही, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी, टॉकबॅकला वाचता येणारी ओळ!

इतकी वर्षं साईट बनवतोय, पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा म्हणजे रॅम्प आणि लिफ्ट एवढंच डोक्यात होतं. त्यात कलम 42 माहिती-तंत्रज्ञानाचं आहे आणि कलम 46 सेवा देणाऱ्यांना धरतं, सरकारी असो नाहीतर खासगी. नेमकं काय करायचं त्यासाठी जगभर डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाईट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे निकष, वापरतात (2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 ची), आणि आपल्याकडे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) आयएस 17802 हे मानक आहे, पहिल्या भागात काय हवं ते, दुसऱ्यात ते तपासायचं कसं. वाचायला महाकंटाळवाणं, खोटं कशाला बोलू.

मामाला मात्र कोर्टाचं सगळं पाठ. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिव्यांगांच्या सोयींसाठी नुसती मार्गदर्शक तत्त्वं चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा. मग 30 एप्रिल 2025 ला ई-केवायसीवर, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यावर, निकाल आला, त्यात अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला होत्या ज्यांना पापणी मिचकावता येत नव्हती आणि अॅप तर तेच मागतं, तेव्हा कोर्ट म्हणालं डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मामा हे सांगताना जाम रंगात येतो कारण त्याचंही केवायसी असंच अडकलेलं, "चेहरा गोलात आणा" म्हणे, गोल कुठंय ते कोण सांगणार, शेवटी शेजारच्या पोराला बोलवावं लागलं.

घरी येऊन बटणांना नावं दिली, आल्ट टेक्स्ट लिहिले. भांडण झालं ते रंगावरून. शेठला पांढऱ्यावर सोनेरी अक्षरं हवी होती, रॉयल दिसतं म्हणे. डब्ल्यूसीएजी एए लेव्हलला साध्या मजकुरासाठी किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) मागतं, आमचा 2.1 भरत होता. आकडे ऐकायला शेठ तयारच नाही, मग त्यांना फोन घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात उभं केलं. दोनदा डोळे बारीक केले आणि म्हणले, "काळं करून टाका."

काल परत मामाला लिंक पाठवली. लगेच फोन आला. "हं, जांभळी पैठणी, मोराचा पदर, हे कळलं. किंमत?"

किंमत मी फोटोतच छापून ठेवलेली.