कारणाचा रकाना

14 फेब्रुवारी 2019 ला काश्मीरमधल्या पुलवाम्यात दहशतवादी हल्ल्यात सीआरपीएफचे 40 जवान गेले. त्यात दोघं आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे: मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. शनिवारी अंत्यसंस्काराला आमच्या गावातून ट्रॅक्टर भरून माणसं गेली, मीही गेलो. हरभऱ्याची सोंगणी टाकून लोक आले होते. घरी आल्यावर दोन दिवस कोणाला अन्न गोड लागलं नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी असं समजू नये की आमच्या पोट्ट्यांचा राग खोटा होता. राग खरा होता. माझाही होता.

मी गावचा पोलीस पाटील. सोमवारी, 18 तारखेला, दुपारी एक पोरगा सायकलवर धापा टाकत वावरात आला. "पाटील, चला लवकर. काश्मीरवाला पकडला."

मारुतीच्या पारापाशी शंभरेक माणसं जमली होती. दुसऱ्या दिवशी शिवजयंती, म्हणून पताका बांधायला आलेली पोरं तिथंच होती. मधोमध तो बसलेला. त्याला मी ओळखत होतो, सगळं गावच ओळखत होतं. दर हिवाळ्यात शालींचं गाठोडं घेऊन यायचा, बायांना उधारीवर शाल द्यायचा आणि तूर विकली गेली की वसुलीला फिरायचा. त्या दिवशीही वसुलीलाच आला होता. गाठोडं सोडलेलं, शाली मातीत. ओठ फुटला होता. मोबाईल एका पोराच्या हातात, आणि तो पोरगा त्यातले फोटो एकेक करून सगळ्यांना दाखवत होता. त्याची आई, लहान बहीण, बर्फातलं घर. ते पाहून मला फार वाईट वाटलं. त्या माणसाच्या घरातल्या बाया गावच्या चव्हाट्यावर दाखवायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

मी आधी मोबाईल काढून घेतला.

"पाटील, हे पाहा," म्हणत एकानं छोटी वही पुढं केली. सगळी उर्दूत, ओळीनं नावं आणि आकडे. "यादी हाये. आपल्या गावाची यादी केली यानं."

मी त्या शालवाल्याला म्हटलं, "पढो." तो वाचू लागला. आवाज थरथरत होता. नाव, मग रक्कम. नाव, मग रक्कम. साडेतीनशे बाकी, दोनशे बाकी, सहाशे बाकी. तिसरं नाव ज्या पोरानं वही आणली त्याच्याच आईचं होतं. पारावरचे सगळे शांत झाले. मला वाटलं, संपलं. पण नाही संपलं. मागून आवाज आला, "उधारीचं सोंग असंन. आपल्या पोरायले मारलं यायनं. याले सोडू नका."

मी चावडीत गेलो आणि रजिस्टर काढलं. नाव, गाव कुपवाडा, जवळच्या वस्तू, वेळ तीन चाळीस. मग आला कारणाचा रकाना.

"लिवा, संशयित," पोरं म्हणाली.

"संशय कशाचा?"

"काश्मीरचा हाये ना."

पेन हातात धरून मी बसलो. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. 26/11 ला मुंबईत 166 माणसं मारली गेली, आणि महिनाभराच्या आत संसदेनं यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक केला. आरोपपत्र दाखल न करता एरवी 60 किंवा 90 दिवस कोठडीत ठेवता येतं, ते यात 180 दिवसांपर्यंत नेता येऊ लागलं. न्यायाधीशांना कागदं पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. तेव्हा याच चावडीत मी मोठ्यानं म्हणालो होतो, बरं झालं, सडू द्या. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं कसाब होता. असा फुटक्या ओठाचा, साडेतीनशे रुपयांच्या वसुलीला आलेला माणूस नव्हता. कडक कायदा नको असं मी आजही म्हणत नाही. पण संशयित हा शब्द एकदा लिहिला की पुढचे सहा महिने एखाद्याचे जाऊ शकतात, आणि तो लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

रकाना मी कोरा ठेवला. पोरांना सांगितलं, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला किंवा कोर्टानं फरार म्हणून जाहीर केलेला गुन्हेगार असला तरच साध्या माणसाला कोणाला धरता येतं, आणि धरलं तर विनाकारण वेळ न लावता पोलिसांकडे द्यावं लागतं. कोणी ऐकलं, कोणी नाही. ज्या बाईचा मुलगा सीआरपीएफमध्ये आहे ती तेवढ्यात गर्दीतून पुढं आली. सगळे गप्प. वाटलं, आता ही त्याला मारते. तिनं विचारलं, "तिकडं लय थंडी असते काय रे बाप्पा? माहा पोरगा तिकडंच हाये." तो हिंदीत म्हणाला, "फेब्रुवारी में बहुत ठंड रहती है, माँ." ती मान हलवून निघून गेली. बस, एवढंच.

ठाण्याची गाडी पाचला आली. "विचारपूस करून लगेच सोडतो," असं मला सांगितलं. मी म्हटलं, साहेब, स्टेशन डायरीला नोंद घ्या. "त्याच्याच सुरक्षेसाठी नेतोय, नोंद कशाला?"

सकाळी ठाण्यात गेलो तर तो बाकावर बसलेला, रात्रभर तिथंच. घरी फोन करू दिला नव्हता. आमच्या प्रशिक्षणात डी. के. बसू खटल्यातले सर्वोच्च न्यायालयाचे अटकेबाबतचे 1996 चे निर्देश शिकवले होते: पंचनामा, वेळ, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर. अटक झालेल्याला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे तर घटनेच्या 22 व्या अनुच्छेदातच आहे. पण अटक दाखवलीच नाही तर ते 24 तासांचं घड्याळ सुरूच होत नाही. मी बाकावर त्याच्या शेजारी बसून राहिलो. येणारा-जाणारा पाहत होता. दुपारी एकला त्याला जा म्हणाले. आक्षेपार्ह काही सापडलं नव्हतं.

गावातली पोरं पुढं कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाहीत. देशद्रोही हा शब्द माझ्या बायकोच्या कानापर्यंत आला, त्याचं मला फार लागलं. त्याच आठवड्यात यवतमाळला शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. 22 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रासह 11 राज्यांना आदेश दिला, की काश्मिरी लोकांवरचे हल्ले, धमक्या आणि सामाजिक बहिष्कार रोखा. पेपरातलं ते कात्रण मी चावडीच्या फळ्यावर लावलं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी फाडलं, मी दुसरं लावलं.

तर त्या दुपारी तो ठाण्याच्या बाहेर आला आणि मला म्हणाला, "साहब, लिख के दो कि मुझे छोड़ दिया. आगे कोई फिर पकड़ेगा." मी आत जाऊन विचारलं. आणलं असं जिथं लिहिलंच नव्हतं, तिथं सोडलं असं कोण लिहून देणार?

मग पानटपरीवरून कोरा कागद घेतला, त्याचं नाव-गाव लिहिलं, 18 तारखेला दुपारी तीन चाळीसपासून 19 ला दुपारी एकपर्यंत थांबवून ठेवलं असं लिहिलं. कारण या शब्दापुढं "आढळले नाही" लिहिलं, खाली सही केली, पोलीस पाटलाचा शिक्का मारला. त्यानं तो कागद चार घड्या घालून वहीत ठेवला आणि अकोल्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.