काटा निघाला नाही

मंगळवार, रात्री

सकाळी बोटं आखडलेलीच होती. संधिवाताचं हे असंच असतं, उठल्यावर बराच वेळ हात आपले नसतात. वेणी जाऊबाईंनी घालून दिली. संधिवातावरची मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी काल झाली, त्यामुळे दिवसभर मळमळ. प्रार्थनेला बसले तर शब्द सुचेनात. नुसतं ‘प्रभू’ म्हटलं आणि बसून राहिले.

मग बायबलमधला, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय काढला. पौलाच्या शरीरात काटा होता, असं तो म्हणतो. तो नेमका कसला, हे त्याने सांगितलेलं नाही, आणि मला ते बरं वाटतं. ज्याने त्याने आपलं दुखणं तिथे ठेवावं. काटा दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवलं. वधस्तंभावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूनेही, दुःखाचा प्याला टळावा म्हणून, तीनदाच प्रार्थना केली होती. प्याला टळला नाही, काटाही निघाला नाही. पौलाला मिळाली ती कृपा, आणि ती पुरेल असा शब्द.

चर्चच्या मंडळीतली माणसं मायेने म्हणतात, विश्वास वाढव, बरी होशील. त्यांची माया खरी आहे, पण हे मला पटत नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल?

रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस नावाचा लेखनिक मध्येच स्वतःचा सलाम सांगतो. म्हणजे एवढं थोर पत्र पौलाने तोंडी सांगितलं आणि दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरलं! माझी रोजनिशीही हल्ली लेक लिहून घेते. मी सांगते, ती मधूनच ‘आई, हळू’ म्हणते.

पंडिता रमाबाईंची आज फार आठवण आली. 1921 च्या जुलैत त्यांची लेक मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जिच्या हाती सोपवायचं, तीच. रमाबाईंनी साठी ओलांडली होती, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. तरी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि 1924 साली केडगावला ते बायबल छापून झालं. ते बळ त्यांचं एकटीचं असतं, तर मनोरमेबरोबरच संपलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

उद्या महिला मंडळात शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. हाच अध्याय घेणार. पुस्तक धरायला लेक शेजारी बसेल. मागच्या गल्लीतल्या एका बाईंना नुकतंच हेच दुखणं निघालंय, त्यांनाही बोलावलंय. त्यांच्यासाठी रिक्षा जाऊबाई बघणार आहेत.