मरळ पाव खात नाही

ठाण्यातल्या उपवन तलावावर संध्याकाळी गेलं की काठावर पाव नि कुरमुरे टाकणारी मंडळी असतातच आणि खाली चिलापी (तिलापिया) माशांची नुसती झुंबड, पण मरळ, म्हणजे शिकारी मासा, बघायची असेल तर जिथे गवत पाण्यात उतरलंय तिथे बघा, पावाकडे ती ढुंकूनही बघत नाही. तिला हलणारं, जिवंत खाणं लागतं.

मरळीची शिकार दिसणं म्हणजे नशीबच. पाठलाग वगैरे भानगड नाही, ओंडक्यासारखी पडून राहते, कल्ल्यांमागचे पंख तेवढे हळूहळू हलत असतात, आणि बेडूक किंवा छोटा मासा टप्प्यात आला की एकदम झेप, खळ्ळकन आवाज, पाण्यावर एक भोवरा आणि विषय संपला! जबडा पार डोळ्यांच्या मागपर्यंत गेलेला आणि आत टोकदार दात, सुटका कुठली.

पण जन्मल्यापासून ती अशी नसते हं. पावसाळ्यात लालसर नारिंगी पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, खाली आईबाप राखणीला. त्या वयात खाणं म्हणजे पाण्यातले बारीक बारीक जीव, मग किड्यांच्या अळ्या, मग कोळंबी, आणि अंगात जोर आला की मासे नि बेडूक. भावंडंसुद्धा सोडत नाहीत, म्हणून मरळ पाळणारे लोक पिल्लं आकाराप्रमाणे सारखी वेगळी करत राहतात, नाहीतर मोठी लहानांना गिळून टाकतात.

मरळीला 'खादाड मासा, तळ्यातले सगळे मासे फस्त करतो' असं लोक म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली आणि एकदा तळ्यात शिरली की वारेमाप वाढते, तिची पिल्लं खाणारं कोणीतरी नको का? आग्नेय आशियात तर याच कामासाठी चिलापीच्या तळ्यात मरळ मुद्दाम सोडतात.

आणि गळ टाकणाऱ्यांना एक मनापासून विनंती. पिल्लं सांभाळणारी मरळ जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते, भुकेने नाही, राखणीसाठी, त्यामुळे तेव्हा ती गळाला पटकन लागते. नारिंगी घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नका, आईबाप गेले की त्या पिल्लांवर बाकीचे मासे लगेच ताव मारतात.