पाठीतला रॉड तुटला त्याची हकीकत

माझ्या पाठीत छातीच्या खालच्या मणक्यांपासून थेट कमरेच्या हाडापर्यंत रॉड आणि स्क्रू आहेत. उतारवयातला स्कोलिओसिस. कण्याचा एका बाजूला गेलेला बाक १० अंशांहून जास्त असला की तसं म्हणतात, माझा पन्नास अंश ओलांडून गेला होता. पतपेढीत काउंटरवर कोपरं टेकल्याशिवाय उभं राहता यायचं नाही. ऑपरेशननंतर सरळ झाले, उंची वाढली, नणंदेनं तर दृष्ट काढली.

पण डावा पंजा वर उचलेना. पायातली चप्पल गळून पडायची. सर्जन म्हणाले, अशा मोठ्या शस्त्रक्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात घरी जाताना सुमारे २२ टक्के लोकांच्या पायांची ताकद कमी झालेली आढळली, ६ महिन्यांनी ते प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. माझा पंजा सावकाश का होईना, सुधारला.

रॉडचं प्रकरण नंतरचं. दिवाळीच्या तोंडावर ओट्याखालच्या ट्रॉलीतून रव्याचा डबा काढत होते, पाठीत ‘टक्’ झालं. तेव्हा दुखलंसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र अशी सणक भरली की कूस बदलता येईना. एक्स-रेमध्ये पांढऱ्याशुभ्र रॉडला केसाएवढी काळी फट, अगदी खाली, कमरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीवर, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडावर, टेकतो तिथे.

आपल्याला वाटतं पाठ रॉडवर उभी असते. तसं नाही. रॉडनं फक्त मणके एकमेकांना हाडानं जुळेपर्यंत तग धरायचा असतो, आणि त्याला वर्षभर सहज लागतं. एखाद्या जागी हाड जुळलंच नाही तर सगळा ताण धातूवर येतो. तार वाकवून वाकवून तुटते, तसाच रॉडही. सीटी स्कॅनमध्ये नेमकं तेच निघालं.

माझा राग वेगळाच आहे. पहिल्या वेळी हाडांची घनता कुणी तपासलीच नाही. संमतीपत्रावर ‘रॉड तुटणे, जंतुसंसर्ग, रक्तस्राव’ सगळं एका ओळीत होतं, सही कुठे करायची ते मात्र नीट दाखवलं. दुसऱ्या ऑपरेशनआधी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, हाडं ठिसूळ निघाली. मग रोज पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू झालं आणि रॉडही जास्त घातले. शेजारच्या खाटेवरच्या आजींना मशेरी सुटेपर्यंत तारीखच मिळत नव्हती, कारण तंबाखूनं हाड नीट जुळत नाही. आजी डॉक्टरांना शिव्या घालायच्या, पण मशेरी सोडली त्यांनी.

आता कमरेत वाकणं नाही. पायाची नखं हे कापतात, चष्मा लावून, कुरकुरत. पुढच्या तपासणीत वरचं टोक बघायचंय. रॉड संपतो त्याच्या वरचा मणका कधी कधी पुढे झुकायला लागतो, त्याला डॉक्टर पीजेके म्हणतात. मान जरा पुढे गेल्यासारखी वाटते, पण सूनबाई म्हणते, तो मोबाइलचा प्रताप आहे.